वीस टक्क्यांचा भाऊबंद

गतवर्षीच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी केरू गोविंद शिवगण याच्या पडवीच्या वाशाला धडकली, आणि प्रस्तुत हकिकतीस तेथूनच प्रारंभ होतो. तत्पूर्वीचा केरूचा जीवनवृत्तान्त सांगण्याचे प्रयोजन नाही. पालीच्या आसपास कोणत्याही वाडीत कोणाही गृहस्थास बोलते केले असता तो ऐकावयास मिळेल, आणि तो बहुधा त्या गृहस्थाचा स्वतःचाच निघेल.

प्रसंग असा घडला. पालखी घरोघर फिरत होती. देवीने घरात येऊन पाटावर बसावे, सुवासिनींनी ओटी भरावी, यजमानाने नारळ ठेवावा आणि गावचे मानकरी आप्पा यांनी खणखणीत स्वरात गाऱ्हाणे घालून यजमानाचे मागणे देवीपुढे मांडावे, असा आमच्याकडील क्रम आहे. केरूची पडवी मात्र त्याच्या आजोबांनी बांधलेली होती, आणि आजोबा उंचीने फारच बेताचे होते. पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा होता केरूचा चुलतभाऊ तातू दाजी शिवगण याचा. पुढच्या दांड्याचा हा मान तातूच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असून त्याने पाऊल टाकल्यावाचून पालखी कोणाच्याही दारात शिरत नाही. तातू वाकला, परंतु दांडा काही वाकणाऱ्यांपैकी नव्हता. तो वाशावर आदळला, वाशाने अंगावरची दोन कौले खाली सोडली, आणि तातू सर्व गावासमक्ष उद्गारला,

"केरू, तुज्या पडवीत मानूस वाकून जातो रे. देवीनं काय रांगत जावं?"

गाव हसले. केरू हसला नाही. देवी मग तातूच्या अंगणात बसविण्यात आली, कारण दोन्ही घरांमध्ये एक गडगा, म्हणजे रचीव दगडांचे बुटके कुंपण, तेवढा आहे. केरूची पत्नी विमला हिला आपली ओटी आपल्या जावेच्या दारात भरावी लागली. जाऊबाई मैना यांनी स्वतःचा पाट पुढे सरकवीत म्हटले, "बस गो विमले, आपलंच अंगण समज." हे वाक्य वरवर पाहता अत्यंत प्रेमळ आहे. परंतु तेच वाक्य जावेने जावेस, पन्नास माणसांदेखत, हळदकुंकवाचे ताट हाती असता ऐकविले, म्हणजे त्याची धार कोयतीसही लाजवील अशी होते.

पालखी पुढच्या वाडीस गेल्यावर विमलेने पतीस एवढेच सांगितले, "आवो, पुढच्या शिमग्याला देवी माज्या पडवीत बसली पायजे. नायतर त्या दिवशी मी माहेरी."

केरूने तत्क्षणी प्रतिज्ञा केली. जुनी पडवी पाडावयाची, चिऱ्याची उंच, ऐसपैस पडवी बांधावयाची, वर छपराच्या आधारास लोखंडी कैच्या घालून रंगीत पत्रे टाकावयाचे, आणि तातूने ताठ मानेने, किंबहुना मान मागे टाकून, आत यावे अशी व्यवस्था करावयाची. पडवीस द्रव्य लागते. केरूपाशी द्रव्य एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे त्याच्या भविष्य निर्वाह निधीत, ज्यास लोकव्यवहारात 'फंड' असे म्हणतात.

येथे केरूच्या नोकरीविषयी थोडा खुलासा करणे भाग आहे. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठविणाऱ्या एका कंपनीत केरूने नऊ वर्षे सेवा केली. मात्र ही सेवा आमच्याकडील रिवाजाप्रमाणे होती. फाल्गुन लागला की केरू राजीनामा देई. त्याच्याबरोबर वाडीतील आणखी दहाबारा कर्ते पुरुष राजीनामा देत. पालखी देवळात परतली, अंगाचा गुलाल उतरला आणि ढोल ताणून दुखावलेले दंड बरे झाले, की हे सर्वजण कंपनीच्या फाटकाशी पुन्हा उभे राहत. मुकादम म्हणे, "आलात? चला, नावं सांगा." आणि सर्वजण पुन्हा नोकरीस लागत. केरूच्या मते ती नोकरी अखंड होती. मध्ये व्यत्यय असा काही नव्हता; मध्ये फक्त देवी होती. पडवीच्या अपमानानंतर मात्र केरू फाटकाशी परत गेलाच नाही. त्याने जवळच्याच एका आंब्याच्या बागेची राखण पत्करली आणि बांधकामावर लक्ष ठेवण्यास मोकळा झाला.

फंडाची वार्ता वाडीत कळताच सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. कोणी म्हणाला, पडवीऐवजी रिक्षा घे. कोणी म्हणाला, पत्रे नकोत, स्लॅब टाक, पुढे वर खोली चढविता येईल. परंतु या सर्वांत अधिकारवाणीचा सल्ला होता आप्पांचा. आप्पा हे मुंबईस एका कर सल्लागाराच्या कचेरीत आयुष्यभर शिपाई होते. तेथे त्यांनी करविषयक ज्ञान दाराबाहेरच्या स्टुलावर बसून संपादन केले. दार बहुतेक वेळा बंद असल्यामुळे ते ज्ञान त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी आले, आणि मधल्या रिकाम्या जागा त्यांनी स्वबुद्धीने भरून काढल्या.

"फंड काडतंस? काड," आप्पा म्हणाले. "पाच वर्सांच्या आत काडलास तर कर. पाच वर्सं झाली की कर नाय. तुजी किती?"

"नऊ."

"मग छाती फुगवून काड. सरकार तुज्या केसाला हात लावू शकत नाय."

हे विधान अक्षरशः खरे होते, आणि म्हणूनच ते इतके घातक ठरले.

पाली बाजारपेठेत अक्रम याचे सेवा केंद्र आहे. सातबारा, वीजबिल, पीकविमा, लग्नपत्रिका आणि परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज ही सर्व कामे तो एकाच संगणकावर करतो, आणि गिऱ्हाइकास बसावयास बाकडेही देतो. केरू त्या बाकड्यावर बसला. आप्पा उभे राहिले, कारण सल्ला उभ्यानेच चांगला देता येतो अशी त्यांची धारणा आहे. अक्रमने कळफलक बडविला आणि कपाळास आठी घातली.

"केरूदादा, तुमचं पॅनकार्ड फंडाला जोडलेलंच नाय. पॅनवर तुम्ही केरू, आधारवर केरबा. आधी नाव एक करू, मग कंपनीकडून मंजुरी घेऊ. थोडे दिवस जातील."

"किती थोडे?" केरूने विचारले. अंगणात चिऱ्यांची गाडी येऊन पडली होती आणि वजीरभाई गवंडी 'आज पाया भरू काय' असे रोज विचारीत होते.

"महिना, दीड महिना. पॅन जोडला की हा एक फॉर्म भरायचा, की माझं उत्पन्न करात बसत नाय. मग एक पैसा कापणार नायत."

आप्पा पुढे सरसावले. "थांब. काय लिवायचं बोललास? उत्पन्न नाय म्हनून?"

"करात बसेल एवढं नाय, असं."

"म्हंजे तेच. केरू, ऐक. तू सरकारला सहीनिशी लिवून देनार, की मी भिकारी हाय? आनि पुढच्या शिमग्याला देवी तुज्या पडवीत बोलवनार? तातूला कळलं तर तो ढोलावर वाजवील."

केरूच्या मुखावर स्वाभिमानाची लाली चढली. आपले उत्पन्न करास पात्र नाही हे त्यास ठाऊक होते. विमलेस ठाऊक होते. अक्रमच्या दारातल्या कुत्र्यासही ते त्याच्या पायांतील चपलांवरून समजले असावे. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि स्वाक्षरीनिशी मान्य करणे वेगळे. केरू म्हणाला, "फॉर्म नको. पॅनपन नको. तसाच अर्ज टाक."

"दादा, पॅन नसला तर जास्त कापतात."

"कापायला लागंल तर ना!" आप्पा गरजले. "पाच वर्सांच्या पुढं करच नाय, तर कापनार काय, नखं?"

अक्रमने दोघांकडे पाहिले, सुस्कारा टाकला, आणि अर्ज टाकला. गिऱ्हाइकाशी वाद घालण्याचे तो पैसे घेत नाही.

अर्ज गेला आणि पाया भरला गेला. मार्गशीर्षात भिंती उभ्या राहिल्या. जांभ्या चिऱ्याच्या त्या तांबूस भिंती सायंप्रकाशात अशा शोभत, की येणाजाणाऱ्याने क्षणभर थबकावे. केरू तर दिवसातून अनेकदा आत शिरून, हात वर करून, बोटे कोठेही टेकत नाहीत याची खात्री करून घेई. वजीरभाईंनी हिशेब स्वच्छ मांडला होता: फंड आला की चिरेवाल्याचे, सिमेंटचे आणि मजुरीचे फेडावयाचे, आणि उरेल त्यात बरोबर कैच्या व पत्रे बसतात. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही.

आणि एके दिवशी फंड आला. केरूने बँकेतून कागद छापून आणला. पडवीच्या अर्धवट भिंतीवर बसून त्याने तो वाचला. केरू सातवी उत्तीर्ण आहे. इंग्रजी शब्दांशी त्याचा परिचय नसला तरी इंग्रजी अक्षरांशी आहे. रक्कम पुरी नव्हती. पाचवा हिस्सा गायब होता. आणि कापलेल्या रकमेच्या समोर तीन टपोरी अक्षरे उभी होती: टी. डी. एस.

केरूने ती अक्षरे पुन्हा पाहिली. मग त्याने मान हळूहळू वळवून गडग्यापलीकडे पाहिले.

वाचकांनी केरूस हसण्यापूर्वी आमच्याकडील वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी. केरूच्या आजोबांना मुलगे पाच. त्यामुळे वडिलोपार्जित जमीन असो, फणस असो वा विहिरीचे पाणी असो, प्रत्येक गोष्टीत तातूच्या घराचा हिस्सा एकपंचमांश, हे सातबाऱ्यावर छापलेले आहे. मतदार यादी, रेशनदुकान, सोसायटी, सर्वत्र मनुष्याची ओळख आद्याक्षरांनी होते. केरू हा के. जी. एस. त्याचे दिवंगत वडील जी. बी. एस. मग एकपंचमांश हिस्सा उचलणारा टी. डी. एस. कोण, हे समजण्यास का पदवी लागते?

दुर्दैवाने या समयी सल्लागारवर्ग अनुपस्थित होता. आप्पा लेकीकडे दापोलीस गेले होते. अक्रम बहिणीच्या घरच्या लग्नासाठी नाटे गावी गेला होता आणि केंद्रास कुलूप होते. केरूस आयुष्यात प्रथमच स्वतःच्या बुद्धीने वागावे लागले. तो उठला, गडगा ओलांडला आणि तातूच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"तातू! भायेर ये."

तातू सुपाऱ्या सोलत होता. "आतच ये की. आग लागलीय काय?"

"माज्या फंडात हिस्सा लावलास?"

"कसला फंड?"

"नाटक करू नको. जमिनीत हिस्सा, ठीक. फणसात हिस्सा, ठीक. पन नऊ वर्सं बरफात हात घालून मी मासे उचललेत. ते काय आज्यानं ठेवले होते?"

"मैने, ह्याला पानी दे गो. ऊन लागलंय."

"हे बग!" केरूने कागद तातूच्या नाकाशी धरला. "टी. डी. एस.! तातू दाजी शिवगण! तुजं नाव, तुजा हिस्सा, पाचवा! सरकारी कागदावर!"

मैना पदराला हात पुसत बाहेर आली. "भावजी, ह्यांना सही मराठीत करायला अर्दा दिवस लागतो. विंग्रजीत कदी करतील?"

 परंतु तातूने कागद हाती घेतला, अक्षरांवरून बोट फिरविले, आणि त्याच्या मुखावर एक विलक्षण भाव प्रकटला. तो भाव क्रोधाचा नव्हता. आपल्या नकळत आपल्यास काही मिळाले असावे, अशा मनुष्याचा तो भाव होता.

"केरू," तो सावकाश म्हणाला, "मी काय अर्ज केलेला नाय. पन सरकारनं आपनहून दिलं असंल, तर सरकारला काय तरी ठाऊक असंल."

यावर जे संभाषण झाले ते लेखनयोग्य नाही. त्यात दोन्ही घरांचे पूर्वज आले, एक पळविलेली म्हैस आली, आणि फणसाच्या झाडाचा उल्लेख वारंवार झाला.

दुसऱ्या दिवशी तातू धुवट सदरा घालून पालीच्या बँकेत गेला. खिडकीतील बाईस त्याने नम्रपणे विचारले, "माजा पाचवा हिस्सा जमा झाला काय?"

"कुठून यायचा होता, काका?"

"चुलतभावाच्या फंडातून."

"कोणत्या नावाने?"

तातूने सदरा सारखा केला. मागे रांग होती, आणि रांगेत निम्मा बाजार होता. त्या सर्वांस ऐकू जाईल अशा सुस्पष्ट स्वरात तो म्हणाला,

"मी टी. डी. एस."

बँकेत जे हास्य उसळले ते दाराबाहेरच्या रिक्षाथांब्यापर्यंत गेले, आणि तेथून रिक्षांत बसून वाडीवाडीस पोहोचले. तातू घरी येण्यापूर्वी त्याचे नवे नाव घरी आलेले होते. वाण्याने हाक मारली, "काय टीडीएस, साखर किती?" कंडक्टरने विचारले, "टीडीएस, सुट्टे आहेत काय?" तातूने गडग्याशी येऊन, केरूच्या नव्या भिंतींकडे बोट दाखवून जाहीर केले, "ह्या मानसानं माजी अब्रू बाजारात मांडली. ह्याच्या पडवीत मी पाय ठेवनार नाय. बांद किती उंच बांदायची ती!"

विमला दारातच उभी होती. ती पतीकडे वळून शांतपणे म्हणाली, "झालं तुमचं समाधान? आता पडवी उंच झाली, आनि पालखीच येनार नाय."

केरूस प्रथम अर्थबोध झाला नाही. झाला तेव्हा तो चिऱ्यावर बसला. पुढच्या दांड्याचा मान तातूकडे. तातू दारात शिरणार नाही, म्हणजे पालखी दारात शिरणार नाही. ज्या कार्यासाठी फंड मोडला, त्या कार्याचाच खांदा त्याने मोडून ठेवला होता.

आप्पा दापोलीहून परतले, तेव्हा केरूने त्यांस टी. डी. एस. म्हणजे काय ते विचारले. आप्पा म्हणाले, "अरे, ती कराची कपात! आमच्या कचेरीत रोज ऐकायचो." आणि पाच वर्षांचे काय, असे विचारले असता ते म्हणाले, "त्या वेळी बहुतेक दार लागलं होतं."

खरा उलगडा कंपनीतच झाला. कार्मिक विभागात अक्षया मॅडम नामक अधिकारी बसतात. वयाने लहान, परंतु टेबल मोठे. त्यांनी केरूचा कागद पाहिला, संगणक पाहिला, आणि केरूकडे अशा दृष्टीने पाहिले, जशी दृष्टी वैद्य भर पावसात भिजून आलेल्या तापकरी रुग्णाकडे टाकतो.

"शिवगण, तुमची नोकरी शेवटची किती होती, माहीत आहे? एक वर्षसुद्धा नाही."

"मॅडम, नऊ."

"तुम्ही दर वर्षी राजीनामा दिलात. दर वर्षी नवीन नोकरी, नवीन खातं. जुन्या खात्यांतले पैसे पुढे आले, पण वर्षं मागेच राहिली. कॉम्प्युटरला दिसतं, की हा माणूस वर्षाच्या आत फंड काढतोय. म्हणून कर. आणि पॅन जोडलेला नाही, म्हणून दहाच्या जागी वीस टक्के."

"म्हंजे पैसे गेले?"

"गेले नाहीत. सगळी वर्षं जोडून दाखवता येतील, आणि तसंही तुमचं उत्पन्न कराइतकं नाहीच."

केरूने मान खाली घातली. जे वाक्य पालीच्या बाजारात त्याने कागदावर लिहू दिले नव्हते, ते येथे पंख्याखाली फुकट उच्चारले गेले.

"नाव दुरुस्त करा, पॅन जोडा, विवरणपत्र भरा. टीडीएस परत येईल. पण आत्ता नाही. सरकारचं वर्ष मार्चअखेर संपतं. विवरणपत्र त्यानंतर. एप्रिलच्या आधी काही परत येत नाही."

"पन मॅडम, शिमगा फाल्गुनात."

"ते सरकारला कसं सांगणार?"

 देवीचे वर्ष फाल्गुनात पुरे होते आणि सरकारचे त्यानंतर चार दिवसांनी. एवढ्या अंतरात केरूचे छप्पर अडकले होते. तो उठू लागला तेव्हा मॅडमनी सहज विचारले, "पण दर वर्षी राजीनामा कशाला देत होतात?"

"पालखी असते, मॅडम."

"मग रजा का नाही मागितलीत?"

 नऊ वर्षांत हा प्रश्न केरूस कोणी केला नव्हता, आणि त्यानेही स्वतःस केला नव्हता. त्याचे वडील मुंबईच्या गिरणीतून राजीनामा देऊन येत. वडिलांचे वडील बोटीवरून उतरून येत. देवीच्या कार्यास निघताना कोणापुढे 'जाऊ काय' असे म्हणणे ही कल्पनाच घराण्यात नव्हती.

"रजा मिळते?" त्याने हळूच विचारले.

"पगारी मिळते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या वाडीतला एकही माणूस आजवर मागायला आला नाही. सगळे थेट राजीनामेच आणून ठेवतात. आमच्या मॅनेजरना वाटतं, तुम्ही लोक फार रागीट आहात."

केरू त्याच दिवशी पुन्हा नोकरीस लागला. माघ सरता सरता त्याने आयुष्यातील पहिला रजेचा अर्ज लिहिला. तो अर्ज इतका नम्र व इतका विस्तृत होता, की त्यात पडवीच्या उंचीचाही उल्लेख आला. रजा मंजूर झाली. वाडीत ही वार्ता पसरली तेव्हा काही वृद्धांनी नापसंती व्यक्त केली. देवीला भेटण्यासाठी साहेबाची परवानगी घ्यावी, असे दिवस आले म्हणाले.

छप्पर मात्र नव्हते. कैच्यांवाल्याने उधारी नाकारली. विमलेने चार भिंतींच्या आत शेण सारविले, रांगोळी काढली, आणि वर पाहिले की निळे आकाश. तातूकडून काही निरोप नव्हता. केरूने दोनदा गडग्यापर्यंत जाऊन खोकून पाहिले. पलीकडून तातूनेही खोकून दाखविले. याहून अधिक बोलणे झाले नाही, कारण दोघांचे आजोबा एकच होते.

शिमग्याचा दिवस उगवला. ढोल जवळ येऊ लागले. गुलालाने माखलेली पालखी वाडीत शिरली, एकेका दारी बसली, आणि अखेर केरूच्या अंगणाच्या तोंडाशी आली. पुढच्या दांड्याखाली तातू होता. तेथे येऊन तो थांबला. मागचे खांदेकरी त्याच्यावर आदळले. ढोल एकदोन ठोके अधिक वाजून गप्प झाले.

"काय झालं?" मागून कोणीतरी ओरडले.

"टीडीएस अडला!" पुढून उत्तर गेले, आणि सर्व गाव हसले. तातूचा चेहरा गुलालाखालीही तांबडा दिसू लागला. विमला ओटीचे ताट घेऊन पडवीच्या उंबऱ्याशी उभी होती.  गडग्यापलीकडे मैनाही पाट घेऊन उभी होती. परंतु या वेळी 'आपलंच अंगण समज' असे ती म्हणाली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

आप्पांनी परिस्थिती ओळखली. देवीला अंगणाबाहेर ताटकळत ठेवणे बरे नव्हे, म्हणून गाऱ्हाणे तेथेच घालावे असे त्यांनी ठरविले. त्यांनी नारळ उचलला, डोळे मिटले आणि स्वर लावला.

"आई माते! बारा वाड्यांचे मालकिनी!"

"होय महाराजा!" गाव गर्जले.

"आज ह्या तुज्या लेकरानं, केरूनं, नवी पडवी बांदली! उंच बांदली! तुला वाकायला लागू नये म्हनून बांदली!"

"होय महाराजा!"

"पन बांदता बांदता त्याची चूक झाली, आई! कोनाच्या तरी सल्ल्यानं झाली!"

"कोनाच्या, आप्पा?" गर्दीतून आवाज आला.

आप्पांनी एक डोळा उघडून मिटला. "कोनाच्या का असंना! त्याचा टीडीएस गेला, आई! ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं त्याचा टीडीएस सुखरूप माघारी येऊ दे! आनि ह्याच दारातून आत येऊ दे, महाराजा!"

"होय महाराजा!"

गाव गर्जले खरे. परंतु गर्जना संपताच प्रत्येकाची दृष्टी पुढच्या दांड्याखाली वळली. तातूने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. देवी त्याच्याच खांद्यावर होती, गाऱ्हाणे तिच्या समोर घातले गेले होते, आणि गावाने त्यास होकार दिला होता. अशा गाऱ्हाण्यास खांदा देणाऱ्या मनुष्याने नाही म्हणावे, असे आमच्या स्मरणात कधी घडलेले नाही.

"देवीच्या तोंडावर माजं नाव घेतलंत," तो पुटपुटला. "आता काय बोलू?"

तेवढ्यात केरू पुढे झाला. इतके दिवस गडग्याशी नुसते खोकून टाळलेला शब्द त्याच्या तोंडून एकदाचा निसटला.

"दादा, चल की रे. देवीला ऊन लागतंय."

तातूने पाऊल टाकले. ढोल फुटतील असे वाजले. पालखी अंगणातून उंबऱ्याशी आली, उंबरा ओलांडून पडवीत शिरली, आणि खांदेकऱ्यांस एकदम उमगले की येथे वासा नाही, कैची नाही, पत्रा नाही. वर नुसते आभाळ आहे. मग काय विचारता! पालखी जी उसळली, ती चिऱ्यांच्या भिंतींच्याही वर गेली. ज्या घरी गतवर्षी देवीस वाकता आले नाही, त्याच घरी ती यंदा सर्व वाडीत उंच नाचली. छप्पर असते तर हे घडले नसते. विमलेने डोळे पुसत ओटी भरली. मैनाने गडग्यावरून आपलाही पाट पुढे केला आणि म्हणाली, "धर गो, तुजा एक पुरनार नाय."

पालखी पाटावर विसावल्यावर तातूने घाम टिपत वर पाहिले.

"केरू, पत्रे कुटं हायेत रे?"

"तेवढं टीडीएसनं नेलं, दादा."

"मी?"

"तू नाय. दुसरा."

विमला पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आली. तिने तो तातूपुढे ठेवला, त्याच्याकडे एकवार निरखून पाहिले, आणि पतीस म्हणाली,

"आवो, तुमच्या त्या मॅडमना काय ठाऊक नाय. बोलल्या, टीडीएस एप्रिलच्या आधी परत येत नाय म्हनून."